घरी शिकणाऱ्या मुलांचे क्लास: शिकवणी कुठे संपते आणि दाखला कुठे मिळतो

शाळेत न जाणारं मूल सात-आठ वर्षांचं असतं तेव्हा बिल्डिंगमधले लोक कौतुकाने विचारतात, "मग हा दिवसभर करतो काय?" तेच मूल बारा वर्षांचं झालं की कौतुक ओसरतं आणि प्रश्न एकच उरतो: "दहावीचं काय करणार?" आजी विचारते, वॉचमनकाका विचारतात, रात्री अकरा वाजता बाबाही विचारतो. साधारण याच सुमारास आईवडील "होमस्कूलिंगवाल्या मुलांसाठी क्लास" शोधायला लागतात.

मुंबईत असे क्लास आहेत. फार मोठे नाहीत, त्यांचे होर्डिंगही दिसत नाहीत. पार्ल्यात कुणी शिक्षिका घरच्या हॉलमध्ये सहा-सात मुलांना बीजगणित शिकवते, ठाण्यात कुणी इंजिनिअर आठवड्यातून दोनदा कोडिंग घेतो, चार-पाच कुटुंबं मिळून एखाद्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये इतिहासाचा तास भरवतात. लॉकडाउननंतर बरेच वर्ग ऑनलाइन आले ते तिथेच राहिले. मी स्वतः दादरला अशा एका बॅचला विज्ञान शिकवते. चौकशीचे फोन येतात तेव्हा दहातल्या आठ जणांच्या बोलण्यात एक घोळ असतो, आणि हा लेख मुख्यतः तो सोडवण्यासाठी आहे. क्लास शिकवतो, दाखला परीक्षा मंडळ देतं, आणि ही दोन कामं करणारी माणसं वेगवेगळी आहेत. शाळेत ती एकाच छताखाली होतात म्हणून आपल्याला ती एकच वाटतात. घरी शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत दोन्हींची सोय वेगवेगळी लावावी लागते, आणि आधी दाखल्याची वाट ठरवून मग क्लास निवडला तर पैसे आणि मनस्ताप दोन्ही वाचतात.

क्लास चालतो कसा

नेहमीच्या शिकवणीपेक्षा हा प्रकार तीन-चार बाबतींत वेगळा आहे. पहिली म्हणजे वेळ. मुंबईतले कोचिंगचे वर्ग सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी चारनंतर भरलेले असतात. दुपारी अकरा ते तीन खोल्या रिकाम्या. घरी शिकणारी मुलं नेमकी तेव्हा मोकळी असतात, त्यामुळे जागा स्वस्तात मिळते आणि गाडीलाही जीवघेणी गर्दी नसते. दादर दोन्ही लाइनींना सोयीचं, म्हणून बोरिवलीचं मूल आणि मुलुंडचं मूल एका बाकावर बसू शकतात.

दुसरी गोष्ट इयत्तेची. इथे "सातवीची बॅच" असं क्वचितच असतं. अपूर्णांक आणि गुणोत्तर पक्कं झालं असेल तर मूल अकराचं असो की चौदाचं, ते बीजगणिताला बसतं. एकच मूल गणितात पुढच्या गटात आणि मराठी लेखनात मागच्या गटात असू शकतं, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. विषय सुटे घेता येतात. राइस प्लेट मागवायची सक्ती नाही, हवी ती वाटी मागवा.

तिसरी गोष्ट, आणि इथेच पालकांची गफलत होते: हा क्लास हजेरी घेईल, वही तपासेल, वर्षअखेरीला प्रगतीबद्दल चार ओळी लिहून देईल, पण एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, देणार नाही. देऊच शकत नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १८ नुसार मान्यतेशिवाय शाळा चालवता येत नाही. चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि पुढे रोज दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून प्रामाणिक क्लासवाला पहिल्याच भेटीत सांगतो की आम्ही शाळा नाही. कुणी "काळजी करू नका, दाखल्याचं आम्ही बघतो" म्हणाला, तर कुठल्या शाळेच्या नावाचा दाखला ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर असतं, मूल कागदोपत्री एखाद्या शाळेत आणि प्रत्यक्षात क्लासमध्ये. याला डमी प्रवेश म्हणतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सीबीएसईने दिल्ली आणि राजस्थानातल्या २१ शाळांची संलग्नता याच कारणावरून काढून घेतली. शाळेची संलग्नता गेली की मधल्या मध्ये लोंबकळतात ती मुलं. ज्या घराने शाळा नको म्हणून उघडपणे निर्णय घेतला त्याने खोट्या पटावर नाव का लावावं, हे मला आजवर कळलेलं नाही.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने कोचिंगबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सोळा वर्षांखालच्या मुलांना घेऊ नये असं म्हटलं आहे. ते वाचून घाबरलेले पालकही फोन करतात. त्या सूचनांमध्ये कोचिंग केंद्र म्हणजे पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थ्यांना शिकवणारं केंद्र. आठ मुलांच्या बॅचचा तिथे प्रश्न येत नाही.

हे कायदेशीर आहे का

थोडक्यात: शिक्षणहक्क कायद्यात होमस्कूलिंग हा शब्द नाही. कलम १० म्हणतं की मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे, पण ते न केल्याबद्दल पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात हा विषय निघाला तेव्हा केंद्र सरकारने भूमिका मांडली की स्वखुशीने घरी शिकवणाऱ्या पालकांना ते चालू ठेवता येईल, कायदा आड येत नाही. व्यवहारात मुंबईत कधीमधी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला महापालिकेचे शिक्षक दारात येतात. त्यांच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. मुलाच्या वह्या, पुस्तकं, क्लासच्या पावत्या दाखवाव्यात. त्यांचं काम भट्टीवर किंवा सिग्नलवर राबणारी मुलं शोधण्याचं आहे, आणि ते काम महत्त्वाचं आहे.

याच कायद्यातलं कलम ४ मात्र पालकांनी पाठ करून ठेवावं. शाळेत कधीच न गेलेल्या किंवा मध्येच सोडलेल्या मुलाला वयानुसार योग्य त्या वर्गात थेट प्रवेश मिळतो, आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी खास प्रशिक्षण मिळण्याचा हक्कही. म्हणजे आठवीपर्यंत शाळेत परतायची वाट कायद्यानेच ठेवली आहे. नववीपासून हे संरक्षण नाही. घरी शिकवणं जमत नाहीये असं वाटत असेल तर तो निर्णय मूल तेरा वर्षांचं असताना घ्यावा, पंधराव्या वर्षी नव्हे.

सहावी ते आठवी: बाहेर काय शिकायला पाठवायचं

या तीन वर्षांत कुठलीच परीक्षा अनिवार्य नाही. त्यामुळे पालक एक तर काहीच क्लास लावत नाहीत किंवा भीतीपोटी पाच विषयांचे पाच लावतात. पाच लावले की मूल घरी शिकत नाही, फक्त गणवेश नसलेल्या शाळेत जातं.

घरात जे होऊ शकत नाही तेवढंच बाहेर घ्यावं. वाचन घरी होतं. भूगोल घरी, प्रवासात आणि टीव्हीवर होतो. बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, एनसीईआरटीचीही आहेत. पण वादविवाद एकट्याने होत नाही, नाटक एकट्याने बसत नाही. सूक्ष्मदर्शक, ब्युरेट, व्होल्टमीटर फार कमी घरांत असतात. आणि आईवडिलांनाच ज्याची धास्ती आहे असा एखादा विषय प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे येणाऱ्यांत तो बहुधा बीजगणित किंवा संस्कृत. एवढे तीन प्रकार वेगळे काढले की क्लासची यादी आपोआप लहान होते.

यात एक चौथं कारण आहे, ते कुणी अर्जात लिहीत नाही. बारा-तेराच्या वयात मुलाला आईने वही तपासलेली चालत नाही. "हे गणित परत कर" असं आईने म्हटलं की ते गणिताबद्दल राहत नाही, सकाळच्या दुधापासूनची सगळी भांडणं त्यात येतात. तेच वाक्य त्रयस्थ बाई म्हणाल्या की मूल खोडरबर काढतं. सहावी-सातवीत क्लास लावायला मला हे सगळ्यात भक्कम कारण वाटतं, विषय कुठलाही असो. ज्या घरांत आईच पूर्णवेळ शिक्षिका आहे तिथे तर आठवड्यातले सहा तास तिला आई होता यावं एवढ्यासाठी तरी लावावा.

विज्ञानासाठी मुंबईचा उपयोग करून घ्यायला हवा. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र १९८५ पासून आहे आणि लोक तिथे आयुष्यात एकदा, शाळेच्या सहलीत जातात. घरी शिकणाऱ्या मुलाला ते मंगळवारी, एकेका दालनासाठी पूर्ण दिवस देऊन पाहता येतं. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं गोरेगावचं केंद्र फिल्म सिटीला लागून आहे. तिथे आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात जे जीवशास्त्र कळतं ते पुस्तकातल्या आकृतीतून कळत नाही. चांगला क्लास महिन्यातला एखादा तास अशा ठिकाणी नेतो आणि परत आल्यावर त्यावर लिहायला लावतो. नुसता नेतो आणि फोटो पाठवतो तो सहल काढणारा.

संगीताचं एक बरं आहे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना शाळेचा शिक्का लागत नाही, त्यामुळे प्रारंभिकपासून पुढे मूल आपल्या गतीने जाऊ शकतं.

परीक्षेचे रस्ते

आता मुख्य गोष्ट. मुंबईत घरून शिकणाऱ्या मुलासमोर दहावीसाठी व्यवहारात तीन रस्ते आहेत. सीबीएसई आणि आयसीएसई यांत नाहीत. शाळेच्या पटावर नाव नसताना नव्या मुलाला तिथे थेट दहावीला बसता येत नाही.

सर्वात रुळलेला रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. केंद्र सरकारने ती १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू केली, २००२ मध्ये आत्ताचं नाव आलं. दहावीसाठी वय किमान १४ पूर्ण हवं. पाच विषय घ्यायचे, त्यात किमान एक भाषा. प्रमुख परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाच वर्षांत नऊ संधी. दहावी मराठी माध्यमातूनही करता येते, हे अनेक मराठी पालकांना माहीतच नसतं. ते आधी इंग्रजीचा क्लास शोधतात. घरी शिकणाऱ्यांना यातली खरी सोय म्हणजे पाचही पेपर एकदम द्यावे लागत नाहीत. दोन ऑक्टोबरमध्ये, तीन एप्रिलमध्ये असं करता येतं. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री, मानसशास्त्र असे विषयही आहेत. गणित वगळताही येतं, पण डॉक्टर-इंजिनिअरचा विचार जराही डोक्यात असेल तर चौदाव्या वर्षीच्या कंटाळ्यापायी गणित किंवा विज्ञान सोडू नये.

दुसरा रस्ता आपल्या राज्य मंडळाचा: १७ नंबरचा फॉर्म. पूर्वीपासून "बाहेरून दहावी" म्हणतात ती हीच. खाजगी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायचं. मंडळ एक संपर्क शाळा नेमून देतं, प्रात्यक्षिकं आणि अंतर्गत गुण तिथून होतात. पुस्तकं बालभारतीची, पेपर तोच जो शेजारच्या शाळेतली मुलं देतात. अडचण एकच, पण मोठी: किमान पाचवी पास आणि शाळा सोडल्याचा दाखला मागतात. दुसरी-तिसरीत शाळा सोडलेल्या मुलाचं इथे अडतं. त्यासाठी राज्याने २०१७ मध्ये महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ काढलं. त्याची पाचवीची परीक्षा दहा वर्षं पूर्ण झालेल्यांना आणि आठवीची तेरा पूर्ण झालेल्यांना देता येते. मूल अकरा-बाराचं असतानाच ही परीक्षा देऊन ठेवावी असं मी सगळ्यांना सांगते. अभ्यास फार नाही, आणि हातात एक सरकारी कागद येतो.

तिसरा रस्ता केंब्रिजच्या आयजीसीएसईचा, म्हणजे परदेशी मंडळाच्या दहावीच्या परीक्षेचा. काही शाळा खाजगी उमेदवार घेतात, सगळ्या नाही. कोण घेतं ते दरवर्षी फोन करून विचारावं लागतं. भारतात मार्चचंही सत्र असतं. भौतिक, रसायन आणि जीवशास्त्रात प्रयोगशाळेऐवजी लेखी पेपर देण्याचा पर्याय आहे, त्यामुळे घरी शिकणाऱ्यांना तो सोयीचा पडतो. महाग आहे, आणि मूल परदेशी शिकायला जाणार असेल तरच त्या खर्चाला अर्थ आहे.

कागदाचं महत्त्व किती, याचं एक उदाहरण मुंबईचंच. इथल्या एका मुलीने सातवीच्या सुमारास शाळा सोडली, संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तीन पदकं मिळवली आणि २०१६ मध्ये, सतराव्या वर्षी, अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळवला. आयआयटीचं दार मात्र तिला बंद होतं, कारण बारावीचा दाखला नव्हता. पालक ही गोष्ट "दाखला लागत नाही" याचा पुरावा म्हणून सांगतात. मी ती उलट सांगते. जिच्याकडे तीन पदकं होती तिलाही इथे अडलं. आपल्याकडे पदकं नसतील तर दहावी-बारावी करून ठेवावी.

मेडिकलबद्दलची जुनी भीती आता काढून टाकायला हरकत नाही. मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना "नीट" ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देता येणार नाही असा नियम आला होता, तो दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांच्या मुलांची पात्रता कायम राहिली.

नववी-दहावीचा क्लास वेगळा का हवा

आठवीपर्यंत जो क्लास उत्तम होता तो दहावीला उपयोगी पडेलच असं नाही. घरी वाढलेली मुलं बोलायला तरबेज असतात, विषय समजलेला असतो, पण सलग तीन तास लिहायची सवय नसते. शाळेतली मुलं पहिलीपासून वर्षाला चार-पाच वेळा पेपर लिहितात. आपल्या मुलाचा पहिलाच मोठा पेपर बोर्डाचा असतो. शेवटचे दोन प्रश्न राहून जातात ते येत नाहीत म्हणून नव्हे, हात दुखतो म्हणून. तेव्हा नववीपासून क्लासने दर पंधरवड्याला घड्याळ लावून पेपर घ्यायला हवा, आणि तो शिक्षकाने तपासायला हवा, मुलाने नव्हे.

एनआयओएसचा असेल तर टीएमएचा हिशेब क्लासला ठाऊक हवा. हे घरी लिहून द्यायचे गृहपाठ असतात आणि त्यांना २० टक्के वजन असतं. ते मुदतीत एनआयओएसने नेमलेल्या अभ्यासकेंद्रात पोचवावे लागतात. आईने लिहिलेला टीएमए लगेच ओळखू येतो, हे जाता जाता. अभ्यासकेंद्र स्वतःही संपर्कवर्ग घेतं. ते कसे होतात हे केंद्रावर अवलंबून. म्हणून प्रवेश घेताना घराजवळचं केंद्र निवडण्यापेक्षा प्रयोगशाळा उघडी ठेवणारं केंद्र निवडावं. प्रात्यक्षिक परीक्षा तिथेच होते, आणि जर्नलमध्ये नुसत्या आकृत्या काढून गेलेलं मूल लिटमस हातात घेतल्यावर गोंधळतं.

अकरावीला नेहमीच्या ज्युनिअर कॉलेजात जायचं असेल तर वेळापत्रक उलटं मोजा. एप्रिल-मेच्या परीक्षेचा निकाल येईपर्यंत अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची धावपळ सुरू झालेली असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरलाच पाचही पेपर संपवलेली मुलं निवांत फॉर्म भरतात. एनआयओएस गुणपत्रिकेबरोबर स्थलांतर आणि बदलीचं प्रमाणपत्र देतं. कॉलेज एलसी मागतं तेव्हा तेच पुढे करायचं.

काय मिळणार नाही

हे कुठलाच क्लास सांगत नाही, म्हणून मी सांगते. हॅरिस शिल्ड आणि जाइल्स शिल्ड या शाळांच्या क्रिकेट स्पर्धा आहेत. १९८८ साली आझाद मैदानावर तेंडुलकर-कांबळींनी ६६४ धावांची भागी केली ती शारदाश्रम शाळेकडून. शाळा नाही तर संघ नाही. क्रिकेट गंभीरपणे खेळणाऱ्या मुलाला क्लबच्या रस्त्यानेच जावं लागतं, आणि तो रस्ता लांबचा आहे. कबड्डी, खो-खोच्या शालेय स्पर्धांचंही तेच. शिष्यवृत्ती परीक्षाही शाळेमार्फतच होते.

आणि एक किरकोळ वाटणारी, पण महिन्याला खिशाला लागणारी बाब: लोकलच्या पासावरची विद्यार्थी सवलत. त्यासाठी शाळा-कॉलेजचं पत्र लागतं आणि क्लासचं चालत नाही. बोरिवलीहून दादरला आठवड्यातून तीनदा येणाऱ्या मुलाच्या खर्चात पूर्ण दराचा पास धरा. सोबत यावं लागत असेल तर आईचाही.

डेमो लेक्चरला काय विचारायचं

सजावट, स्मार्टबोर्ड, "पर्सनल अटेन्शन" हे सोडून द्या. याआधी कुठल्या मंडळाच्या परीक्षेला मुलं बसवलीत, हे विचारा; "सगळ्याच" असं उत्तर आलं तर मुलाला दुसरीकडे न्या. तपासलेली एखादी जुनी वही बघायला मागा. लाल शाईत नुसत्या बरोबरच्या खुणा असतील तर ती वही तपासलेली नाही, उलटलेली आहे. मूल आठवडाभर आलं नाही तर काय करता, हे विचारा, कारण घरी शिकणारी कुटुंबं जूनमध्ये ट्रेकला आणि नोव्हेंबरमध्ये गावाला जातात, आणि उरलेल्या बॅचचा त्यात खोळंबा होतो. फी वर्षाची एकदम मागत असतील तर तिमाही द्या म्हणा. तीन महिन्यांत मुलाचं पटतं की नाही ते कळतं.

आणि तास संपल्यावर मुलाला "आवडलं का?" असं विचारू नका. "आज काय कळलं नाही?" असं विचारा. ज्या क्लासात मुलाला हे बाईंसमोर बोलता आलं असेल तिथे नाव घाला.